‘आमेर’ (२००९): जालोमधून डिटेक्टिव्ह काढून टाकला तर काय उरतं?

तिन्हीसांजा

‘आमेर’वर इथे स्वतंत्र धागा सापडला नाही, म्हणून काढतेय. सिनेमा २००९ चा, दीड तासाचा, भाषा फ्रेंच, पण संवाद अगदी मोजके. दिग्दर्शक दोघं, एलेन काते आणि ब्रुनो फोर्झानी. मूळचे फ्रान्सचे, राहतात ब्रसेल्सला. आधी पदरमोड करून लघुपट केले आणि मग हा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. साठ-सत्तरच्या दशकांतल्या इटालियन थरारपटांना, म्हणजे जालोंना, वाहिलेली मानवंदना, असं त्याच्याबद्दल बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. ते बरोबरच आहे. पण मानवंदना म्हणजे त्यांनी नेमकं काय केलं, हे फार कमी लोक सांगतात. बहुतेक लेख हा शॉट अमक्या सिनेमातला, तो रंग तमक्या सिनेमातला, अशी यादी देऊन मोकळे होतात. मला त्यापलीकडचं काहीतरी दिसतंय, ते मांडायचा प्रयत्न करते.

जालो हा प्रकार ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. इटलीत मोंदादोरी प्रकाशनाने १९२९ पासून पिवळ्या वेष्टणात रहस्यकादंबऱ्या काढल्या, त्यावरून हे नाव पडलं (इटालियनमध्ये जालो म्हणजे पिवळा). पडद्यावर त्याचा साचा घडवला मारिओ बाव्हाने. १९६४ च्या ‘सेई दोन्ने पेर लासास्सीनो’मध्ये फॅशन हाउसमधल्या मॉडेल्सचे एकापाठोपाठ एक खून पडतात, खुन्याला चेहराच नाही, आणि प्रकाश असा की भिंती लाल, जांभळ्या, हिरव्या होऊन जातात. १९७० मध्ये दारिओ आर्जेंतोचा पहिला सिनेमा, ‘लुच्चेल्लो दाल्ले पियुमे दी क्रिस्ताल्लो’, चालला आणि मग पुढची काही वर्षं इटलीत जालोचं पीक आलं. काळे चामड्याचे हातमोजे, वस्तरा, उंची घरं, कानाला गोड लागणारं संगीत, आणि कुठून तरी परगावाहून आलेला एक माणूस, जो पोलिसांना डावलून स्वतःच तपास करत सुटतो.

‘आमेर’मध्ये यातलं जवळजवळ सगळं आहे. तपास मात्र नाही. पोलीस नाही, संशयितांची रांग नाही, शेवटच्या दहा मिनिटांत उलगडा करणारं भाषण नाही. आना नावाच्या एका बाईच्या आयुष्यातले तीन तुकडे आहेत फक्त: लहानपण, किशोरवय आणि मोठेपण. तीन वेगळ्या अभिनेत्री आहेत (कासांद्रा फोरे, शार्लोत एजेन गिबो, मारी बॉस) आणि समुद्राकाठचं एक मोठं जुनं घर आहे. चित्रीकरण फ्रान्स-इटलीच्या सीमेवरच्या मांतोंला झालंय. तिथून पुढे थोडं गेलं की इटलीच लागते, आणि ती ऊन-सावली, ते कोरडे डोंगर, शेवाळलेल्या पायऱ्या पडद्यावर लगेच ओळखू येतात.

पहिल्या भागावर जरा थांबते, कारण माझ्या मते सिनेमाची किल्ली तिथे आहे. घरात आजोबा वारलेत. प्रेत खोलीत ठेवलंय. त्याच्या मुठीत खिशातलं घड्याळ आहे आणि छोट्या आनाला ते हवंय. घरात काळ्या बुरख्यातली एक म्हातारी वावरते, दारामागे, किल्लीच्या भोकापलीकडे. आई-बाप आपल्या भांडणात. पोर त्या मुठीची बोटं उघडायला लागते. मढ्याची आखडलेली बोटं, त्यांचा तो आवाज, आणि कॅमेरा इतका जवळ की नखांच्या कडा दिसाव्यात. इथे बाव्हाचे चाहते लगेच म्हणतात की हे ‘ई त्रे वोल्ती देल्ला पाऊरा’मधल्या पाण्याच्या थेंबाच्या गोष्टीतून आलंय. तिथे एक नर्स मेलेल्या बाईच्या बोटातली अंगठी काढते आणि मग ते ठिबकणं तिचा पिच्छा सोडत नाही. हो, तिथूनच आलंय, ठिबकण्यासकट. पण बाव्हाच्या गोष्टीत चोरी आहे आणि चोरीची शिक्षा आहे. इथे चोरी करणारं लेकरू आहे आणि त्याला कसलाच अर्थ लागत नाहीये. मृत्यू काय, बंद दारामागे आई-वडील काय करतायत, म्हातारी खरंच मागे लागलीय की नुसता भास. आपल्यालाही तेवढंच दिसतं जेवढं तिला दिसतं, आणि तिला जेवढं कळतं तेवढंच कळतं.

जालोचा गाभा मला इथे सापडतो. आर्जेंतोच्या पहिल्या सिनेमात नायक एका आर्ट गॅलरीच्या दोन काचेच्या दारांमध्ये अडकतो आणि समोर चाललेला हल्ला बघतो. त्याला सगळं दिसतं, ऐकू काही येत नाही, आणि जे दिसलं त्याचा त्याने लावलेला अर्थ चुकीचा असतो. पूर्ण सिनेमा तो तेवढाच क्षण डोक्यात घोळवत राहतो. त्याच्याच ‘प्रोफोंदो रोस्सो’मध्येही तेच: नायकाने पहिल्याच खुनाच्या जागी खुनी पाहिलेला असतो, पण आपण काय पाहिलं हे त्याला कळलेलं नसतं. म्हणजे जालोमध्ये खून महत्त्वाचा आहेच, पण त्याहून महत्त्वाचं आहे ते ‘पाहिलं, पण समजलं नाही’. तपास ही त्यावरची मलमपट्टी होती. काते-फोर्झानीने ती मलमपट्टी काढली आणि जखम उघडी ठेवली. माझ्या लेखी हीच मानवंदना. वंदन करायचं तर नक्की कशाला, हे त्यांनी निवडलंय.

दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाबद्दल प्रतिसादांत बोलू. शेवट फोडू नका, फोडायचाच असेल तर वर तसं लिहा.

खडू

धागा आवडला, पण मत पटलं नाही. मी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. मला तो देखण्या शॉट्सचा अल्बम वाटला. डोळा, बोट, कुलूप, ओठ, पुन्हा डोळा. तुम्ही जिला मलमपट्टी म्हणताय ती माझ्यासाठी कथा आहे. ‘प्रोफोंदो रोस्सो’ मी पुन्हा बघू शकतो, कारण तो पियानोवाला आणि ती पत्रकार यांच्यात काहीतरी घडतं, ते भांडतात, हातांची झुंज लावतात, ती जिंकते. त्या माणसांसाठी जीव वर-खाली होतो. आनासाठी माझा झाला नाही, कारण ती कोण आहे हेच मला कळलं नाही. तिला काय आवडतं, ती पोटापाण्यासाठी काय करते, इतकी वर्षं कुठे होती? थरार म्हणजे कुणाच्या तरी जिवाची काळजी. ती नसेल तर वस्तरा कितीही चकाकला तरी मी खुर्चीत आरामातच बसलेला असतो.

तिन्हीसांजा

खडू, तुमचा मुद्दा रास्त आहे. सगळ्या सिनेमांनी असंच करावं असं माझं म्हणणं नाही. पण आना कोण आहे हे कळत नाही, याच्याशी सहमत नाही. तिला कशाची भीती वाटते आणि कशाची ओढ वाटते, हे आपल्याला इतकं आतून कळतं जितकं ‘प्रोफोंदो रोस्सो’मधल्या कुणाचंच कळत नाही. तिचा पत्ता आणि नोकरी कळत नाही, एवढंच. आणि काळजीबद्दल म्हणाल, तर त्या घड्याळाच्या प्रसंगात मला श्वास घेववत नव्हता.

अंधेरी_लोकल

मी मुंबईत फोलीचं काम करतो. म्हणजे पडद्यावर पाऊल पडलं, कपडा सळसळला, कप ठेवला, की तो आवाज स्टुडिओत बसून हाताने करायचा. म्हणून या सिनेमाबद्दल थोडं कानाच्या बाजूने लिहितो.

या जोडीची पद्धत अशी की चित्रीकरण जवळजवळ मूकपटासारखं करायचं आणि सगळा आवाज नंतर बांधायचा. ही खरी इटालियन रीत. तिथे जुन्या काळी सेटवर आवाज घेतच नसत. एक नट अमेरिकन, एक इंग्लिश, बाकीचे इटालियन, जो तो आपापल्या भाषेत ओठ हलवणार आणि नंतर सगळ्यांचं डबिंग होणार. आपल्याकडेही अनेक वर्षं तसंच चाललं. कॅमेरे खडखड करायचे, सेटवर गोंगाट, म्हणून सगळं डब. हिंदीत सिंक साउंडला, म्हणजे सेटवरच आवाज घेण्याला, पुन्हा मान मिळाला तो ‘लगान’नंतर, २००१ पासून पुढे. त्यामुळे जुने जालो बघताना मला त्यांचा आवाज परका वाटत नाही. बोलणं ओठांपासून किंचित सुटलेलं, पावलं जरा जास्तच ठसठशीत, आणि मध्ये पोकळ शांतता. लोक त्याला कच्चं काम म्हणतात. पण त्या सुटलेपणामुळेच स्वप्नात असल्यासारखं वाटतं.

‘आमेर’मध्ये या उणिवेचं हत्यार केलंय. एरवी फोली संवादाच्या खाली दबलेली असते. मिक्सिंगला बसलं की आमचं काम आधी खाली जातं, कारण हिरोचं वाक्य ऐकू यायला हवं. इथे वाक्यच नाही. त्यामुळे सगळी जागा फोलीची. दुसरं, अंतर. खोलीच्या पलीकडच्या टोकाला माणूस उभा असेल तर त्याच्या श्वासाला खोलीचा थोडा घुमारा द्यायचा, हा नियम. इथे कॅमेरा लांब असतानाही श्वास कानाला चिकटून येतो. घुमारा काढून टाकलाय. कानाला वाटतं कुणीतरी मानेपाशी आहे, डोळा म्हणतो कुणी नाही. हेडफोन लावून बघा, तिसऱ्या भागात मोठी आना टॅक्सीने त्या घरी परतते, तेव्हा मागच्या सीटवर हे लगेच जाणवेल.

आणि ते हातमोजे. टॅक्सीवाल्याच्या हातातले काळे मोजे स्टिअरिंगवर आवळले जातात तेव्हाचा आवाज ऐका. हातात मोजा घालून नुसती मूठ आवळली तर माइकवर फारसं काही येत नाही, नवं मऊ चामडं बोलतच नाही. त्यासाठी जुनं, कडक झालेलं जाकीट किंवा पर्स घ्यायची, माइकपासून वीतभर अंतरावर धरायची आणि हळूहळू पिळायची. घाईने पिळलं तर नुसती करकर येते, हळू पिळलं तर कण्हल्यासारखा आवाज येतो. त्यांनी तिथे काय वापरलं ते मला माहीत असायचं कारण नाही, पण ज्याने केलं त्याला ‘हळू’ म्हणजे काय हे माहीत होतं. तिथे खून नाही, मारामारी नाही, माणूस गाडी चालवतोय फक्त. आणि तरी घाम फुटतो.

कातरवेळ

अंधेरी_लोकल, फार सुंदर प्रतिसाद. असं काम करणाऱ्यांनी इथे अजून लिहायला हवं.

मला दुसऱ्या भागाबद्दल बोलायचंय, कारण त्यावर कुणी बोलत नाही. तो सगळ्यात छोटा भाग आहे आणि त्यात भीतीदायक असं काही घडत नाही. मायलेकी उन्हातून चालत गावात जातात. आई केस करून घ्यायला सलूनमध्ये, मुलगी बाहेर. एका मुलाचा चेंडू घरंगळत जातो, ती त्याच्यामागे धावते आणि समोर मोटरसायकलवाल्यांची रांग. ते काही करत नाहीत. बघतात. बस्स.

कुठल्याही गावात, कुठल्याही नाक्यावर त्या वयात चालत गेलेल्या प्रत्येक बाईला ती रांग ओळखीची आहे. जुने जालो मी आवडीने बघते, पण एक गोष्ट मला त्यात कायम सलत आलीय. तिथे बाईचा खून फार सजवून दाखवतात. प्रकाश सुंदर, कपडे सुंदर, संगीत सुंदर आणि मधोमध मरणारी बाई. कॅमेरा जणू खुन्याच्या खांद्यावर बसलेला. बाव्हाच्या त्या फॅशन हाउसमध्ये मॉडेल्स आणि पुतळे यांत फरकच ठेवलेला नाही. कदाचित त्याला तेच म्हणायचं असेल, पण मरणाऱ्या बाईला काय वाटलं, हे त्या सिनेमाला विचारावंसं वाटत नाही.

‘आमेर’ने तीच सगळी सामग्री उचलली आणि कॅमेरा खुन्याच्या खांद्यावरून काढून मुलीच्या त्वचेखाली ठेवला. वाऱ्याने फ्रॉक हलतो, घाम येतो, पायाखाली खडी, आणि त्या नजरा. तिला त्या नजरांची भीती वाटते आणि त्याच वेळी आपल्याकडे कुणीतरी बघतंय याचं एक नवं भानही येतं. आई ते ओळखते आणि थोबाडीत मारते. ती थोबाडीत मला या सिनेमातला सगळ्यात हिंसक प्रसंग वाटते. वस्तऱ्यापेक्षाही. कारण त्यानंतर मुलीच्या डोक्यात भीती आणि इच्छा यांची गाठ पडते ती कायमची, आणि तिसरा भाग त्याच गाठीचा आहे.

दिग्दर्शकांत एक बाई आहे म्हणून हे आलं, इतकं सोपं नसेल. पण फरक पडला असणार.

खडू

कातरवेळ, तुमच्या प्रतिसादामुळे दुसरा भाग पुन्हा लावला. चेंडूचा प्रसंग तुम्ही म्हणता तसाच आहे, मान्य. तरी माझी मूळ तक्रार राहतेच, आणि तीत संगीताची भर. पार्श्वसंगीत यांचं स्वतःचं नाही. जुन्या इटालियन सिनेमांतले तुकडे जसेच्या तसे उचलून लावलेत. ज्याने ते सिनेमे पाहिलेत त्याच्या अंगावर काटा येतो तो मूळ सिनेमाच्या आठवणीने. मग श्रेय कुणाचं?

पाचवा_माळा

संगीताबद्दल मी लिहितो, तो माझा जिव्हाळ्याचा विषय.

ब्रुनो निकोलाय, स्तेल्व्हिओ चिप्रियानी आणि एन्नियो मोरिकोने, या तिघांचे तुकडे आहेत. तिघंही त्या काळात दरवर्षी ढिगाने काम करत होते. मोरिकोनेचं नाव वेस्टर्नमुळे सगळ्यांना माहीत, पण जालोसाठी त्याने केलेलं काम अगदी वेगळं आहे. बाईचा नुसता शब्दहीन आवाज, एखादं घंटीसारखं वाद्य आणि मागे विस्कटलेली तंतुवाद्यं. आर्जेंतोच्या पहिल्या तिन्ही सिनेमांना त्याचंच संगीत होतं. निकोलाय हा मोरिकोनेचा जोडीदार, त्याच्या कितीतरी सिनेमांचा वाद्यवृंद त्यानेच चालवला, आणि स्वतःचं काम मात्र सावलीत राहिलं. चिप्रियानी पोलिसी सिनेमांचा बादशहा. एक ठेका धरला की माणूस खुर्चीतून उठून धावायला लागेल.

खडू, उचललेलं संगीत फुकटचा परिणाम देतं हे खरं, जर ते मूळच्याच प्रकारच्या प्रसंगावर लावलं तर. पाठलागाचं पाठलागाला, खुनाचं खुनाला. इथे पोलिसांच्या धावपळीसाठी जन्मलेला ताल एका मुलीच्या चालण्यावर लागतो. धावपळ बाहेर कुठेच नाही, म्हणून ती तिच्या आत आहे असं वाटायला लागतं. ज्याने मूळ सिनेमा पाहिलाच नाही त्यालाही हे जाणवतं. माझ्या बहिणीने एकही जालो पाहिलेला नाही, तिला जाणवलं. म्हणून श्रेय दोघांचं, ज्याने चाल बांधली त्याचं आणि ज्याने तिची जागा बदलली त्याचंही.

दमट

वाचतेय. फार छान चर्चा. रंगांबद्दल कुणीतरी लिहा ना. तो लाल-हिरवा-निळा प्रकाश खोलीत येतो कुठून? खिडकीबाहेर तर काहीच नसतं.

तिन्हीसांजा

दमट, तो कुठूनच येत नाही. ही बाव्हाची देणगी. बाव्हा आधी कॅमेरामन, त्याचे वडीलही सिनेमातल्या करामतींचे कसबी, त्यामुळे कमी पैशांत भिंत कशी जिवंत करायची हे त्याला घरातूनच मिळालं. दिव्यापुढे रंगीत कागद लावायचा आणि हा प्रकाश कुठल्या दिव्याचा, असा प्रश्न स्वतःला विचारायचाच नाही. पुढे आर्जेंतोच्या ‘सुस्पीरिया’त (१९७७) लुचियानो तोव्होली या छायाचित्रकाराने ते टोकाला नेलं. त्याने दिव्यांपुढे मखमल आणि पातळ कागद ताणून नटांच्या अगदी जवळ आणले, आणि प्रिंट काढताना टेक्निकलरची जुनी, रंगांचे थर छापायची पद्धत वापरली, जी तेव्हा मोडीत निघाली होती. त्यामुळे तिथला लाल चेहऱ्यावर पडल्यासारखा न वाटता चेहऱ्यातूनच आल्यासारखा वाटतो.

‘आमेर’चा छायाचित्रकार मानू दाकोस. या जोडीचे चारही सिनेमे त्यानेच टिपलेत. त्याने पहिल्या भागात ते रंग वापरलेत, पण एका हिशोबाने. मुलगी घाबरते तेव्हा खोली रंग बदलते. दुसऱ्या भागात रंगीत दिवा जवळपास नाहीच, पांढरंफटक ऊन. तिसऱ्यात निळसर रात्र.  चित्रातले दाणे त्वचेच्या क्लोजअपमध्ये दिसतात आणि त्वचा त्वचेसारखी वाटते. आजच्या गुळगुळीत कॅमेऱ्यावर हाच सिनेमा काढला असता तर जाहिरात वाटली असती.

ब्रसेल्सकर

उशिरा आलो धाग्यावर. कामानिमित्त ब्रसेल्सला राहतो. या जोडीच्या दुसऱ्या सिनेमाबद्दल इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. २०१३ चा, त्याचं लांबलचक नाव मराठीत साधारण ‘तुझ्या देहाच्या अश्रूंचा विचित्र रंग’ असं होईल. माणूस परगावाहून घरी येतो, दाराला आतून साखळी, आणि बायको गायब. बायकोचं नाव एडविज, जालोच्या चाहत्यांना त्यावरून एडविज फेनेक ही नटी आठवेलच. मग तो त्या इमारतीतल्या एकेका दारावर जातो आणि प्रत्येक दारामागे एक नवी गोष्ट.

सिनेमाचं खरं पात्र ती इमारत आहे. प्रत्यक्षात एक इमारत नाहीच, ब्रसेल्स आणि फ्रान्समधल्या नान्सी शहरातली आर्ट नुव्हो या वास्तुशैलीची वेगवेगळी घरं जोडून ती बनवलीय. व्हिक्टर होर्ता या वास्तुकाराने १८९३ च्या सुमारास इथे हा प्रकार सुरू केला. लोखंडाच्या वेली, फणा काढल्यासारखे जिन्याचे कठडे, रंगीत काचांची छतं. त्यानेच बांधलेलं कामगारांचं भव्य सभागृह, मेझों द्यु पप्ल, इथे १९६५ मध्ये पाडलं, शहराला त्याची हळहळ अजून आहे. उरलेल्या काही घरांत संग्रहालयं आहेत, आणि त्यांतल्या एकात मी जिन्यावर उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं की या घरांत सरळ रेघ कुठेच नाही. नजर ठरतच नाही कुठे. बाहेरून बघाल तर अरुंद, शेजारच्या घराला चिकटलेलं साधं घर वाटतं, आणि आत शिरलं की जिना गोल फिरत वरच्या काचेच्या उजेडात जातो. इटालियन सिनेमांत रोम आणि तोरिनोची घरं जे काम करायची ते इथे ब्रसेल्सची घरं करतात. दोघांनी आपल्या राहत्या गावातली भीती शोधली, इटलीची नक्कल केली नाही, हे मला भावलं.

सिनेमा म्हणून मात्र तो ‘आमेर’पेक्षा अवघड आहे. खडूंना पहिला पटला नसेल तर दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

नवी_वाट

हे सगळं वाचून बघायची इच्छा झाली. जालो एकही पाहिलेला नाही. थेट ‘आमेर’ बघू की आधी जुने? आणि रक्त बघवत नाही, तर कितपत आहे?

तिन्हीसांजा

पाचवा_माळा यांच्या बहिणीप्रमाणे थेट बघितलात तरी चालेल, पण मी म्हणेन आधी आर्जेंतोचा १९७० चा पहिला सिनेमा बघा. त्यात रक्त फार नाही, गोष्ट सरळ आहे, आणि ती काचेची दारं डोक्यात बसली की ‘आमेर’मधलं किल्लीचं भोक वेगळं दिसतं. मग ‘प्रोफोंदो रोस्सो’, १९७५ चा. त्यात काही प्रसंग जड आहेत. बाव्हा कुठूनही सुरू केला तरी चालतो.

‘आमेर’मध्ये पहिले दोन भाग रक्ताशिवायच आहेत. तिसऱ्यात शेवटाकडे एक प्रसंग आहे, वस्तऱ्याचा. वस्तरा दातांना लागतो त्याचा आवाज आहे. दिसतं त्यापेक्षा ऐकू जास्त येतं आणि तेच झेपत नाही. तिथे डोळे मिटून उपयोग नाही, आवाज बंद करा.

कातरवेळ

फ्रेंचमधलाच अजून एक सुचवते: यान गोंझालेझचा २०१८ चा ‘अँ कुतो दां ल कर’. कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत होता. १९७९ चं पॅरिस, व्हनेसा पारादी समलिंगी प्रौढपटांची निर्माती, आणि तिच्या नटांचे एकामागून एक खून. खुनी मुखवट्यातला, रंग झगमगीत, संगीत एम एटी-थ्रीचं, म्हणजे दिग्दर्शकाच्या भावाच्या बँडचं. इथे मात्र गोष्ट आहे, माणसं आहेत, प्रेमभंग आहे. खडू, हा तुम्हाला आवडेल असं वाटतं. पोलिसांना या खुनांशी काही देणंघेणं नाही, कारण मरणारे कोण तर ‘असले’ लोक. त्यामुळे निर्मातीला स्वतः शोध घ्यावा लागतो. जालोमध्ये पोलीस निरुपयोगी असतात हा जुना संकेत, त्याला इथे खरं कारण मिळालंय. मला तो बघताना रडू आलं, आणि जालो बघून रडू येईल असं कधी वाटलं नव्हतं.

खडू

कातरवेळ, धन्यवाद, हा नक्की बघतो. पोलिसांचा मुद्दा आवडला.

तिन्हीसांजा, एक प्रश्न मात्र राहिला. पुढे शेवट फोडलाय, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी थांबा. तिसऱ्या भागात त्या ओसाड घरात रात्री आनाच्या मागावर जो काळ्या हातमोज्यांतला आहे, तो कुणी वेगळा माणूस आहे का? टॅक्सीवाला तर मरतो. मग हातमोजे कुणाचे? मला वाटतं दिग्दर्शकांनी उत्तर टाळलं. जालोमध्ये शेवटी मुखवटा काढतात, तो करार असतो प्रेक्षकाशी. तो मोडला.

तिन्हीसांजा

इथेही शेवट फोडलाय.

माझ्या मते तिथे तिसरा माणूस नाहीच. टॅक्सीवाला मागे आला तो खरा की तिच्या भीतीने आणलेला, हे सिनेमा सांगत नाही, पण जिथे जिथे हातमोजा तिच्याजवळ येतो तिथे कॅमेरा तिच्या देहाशी आहे, मोज्यामागच्या माणसाशी कधीच नाही. खुन्याच्या डोळ्यांतून पाहिलेले जे शॉट जालोचं हक्काचं भांडवल, ते इथे जवळजवळ नाहीत. मुखवटा काढला असता तर एका माणसाचा चेहरा दिसला असता आणि आपण सुटलो असतो. हा वाईट होता, संपला. पण तिला जे मारतंय ते पहिल्या भागातल्या किल्लीच्या भोकातून आणि दुसऱ्या भागातल्या थोबाडीतून आलंय. त्याला कुठला चेहरा देणार?

खडू

हे उत्तर पडद्यावर आहे की तुमच्या मनात, यावर माझं अडतं. पण घड्याळाच्या प्रसंगातली बोटं आणि शेवटी शवागारातल्या प्रसंगातली बोटं एकाच कोनातून घेतलीत का, हे तपासायला पुन्हा बघावा लागेल.

अंधेरी_लोकल

बघाल तेव्हा त्या दोन्ही प्रसंगांचा आवाजही लागोपाठ ऐका. आणि काते-फोर्झानीचा ‘रिफ्लेक्शन इन अ डेड डायमंड’, २०२५ मध्ये बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता तो, फाबिओ तेस्ती म्हाताऱ्या हेराच्या भूमिकेत आहे, तो कुणी पाहिला असेल तर वेगळा धागा काढा. तिथे साठच्या दशकातल्या हेरपटांची सामग्री आहे म्हणतात. फोलीबद्दल मी लिहीन.